कंपनीवाल्यांच्या संघटनेत नोकरदाराने जावं का? (गोवा, आयटी आणि माझं अकरा पानी निवेदन)

पोफळीखाली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, आधीच सांगते.

मी सावईवेऱ्याची. म्हणजे लग्न होऊन आलेली, माहेर डिचोलीचं. नऊ वर्षं हिंजवडीत टेस्टिंगचं काम केलं. २०२० च्या पावसाळ्यात एक लॅपटॉप आणि दोन बॅगा घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. कंपनी तीच, पगारही तोच (वाढलेला नाही असं वाचा). घराच्या मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग), पुढे ओहोळ, आणि मधल्या खोलीत दोन मॉनिटर लावून मी. पुण्याच्या मैत्रिणींना हे फार काव्यमय वाटतं. त्यांनी जुलैत येऊन बघावं.

गेल्या जुलैतलीच गोष्ट सांगते. संध्याकाळी साडेसहाला रिलीजचा कॉल होता. सव्वासहाला मागच्या बाजूची एक पोफळ मोडली. पोफळ मोडताना कडकडाट होत नाही, एक लांबलचक सुस्कारा ऐकू येतो आणि मग धप्प. ती पडली नेमकी खांबांवरून आलेल्या फायबरवर. करंगळीएवढीही जाड नसते हो ती वायर. राउटरवर लाल दिवा लागला. मोबाइलला घरात रेंज नाही, ओसरीवर एक काडी. नवऱ्याने स्कूटर काढली, मी लॅपटॉप प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळला आणि आम्ही म्हार्दोळला गेलो. देवळाबाहेर जायांच्या फाती (जाईचे गजरे) विकणाऱ्या एका मावशीच्या ताडपत्रीखाली, तिच्याच स्टुलावर बसून मी तो रिलीज केला. मध्येच घंटा वाजली. पलीकडचा माणूस म्हणाला, फायर अलार्म आहे का, बाहेर पडायचं असेल तर पडा. मावशीने माझ्याकडून स्टुलाचे पैसे घेतले नाहीत, पण दोन फाती घ्यायला लावल्या.

त्या वर्षी चवथीपर्यंत असं चार वेळा झालं. प्रत्येक वेळी पोफळ नव्हती. एकदा कोणीतरी खांबावरच्या लोंबत्या वायरी कापल्या होत्या, कोणी आणि कोणाच्या सांगण्यावरून ते अजून कळलेलं नाही. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तर मुद्दा. राज्यातल्या आयटी कंपन्यांची एक संघटना आहे. नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. तिथल्या एका ओळखीच्याने मला 'सहयोगी सभासद' करून घेतलं. सहयोगी म्हणजे वर्गणी द्यायची, चहा प्यायचा, मत द्यायचं नाही. मग त्यांनी सरकारला धोरणविषयक सूचना द्यायला एक गट केला आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण "तू बग रिपोर्ट छान लिहितेस." (बग म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष.) मी खूश. तीन शनिवार-रविवार घालून अकरा पानं लिहिली. इंटरनेट, वीज, गावागावांत बसून काम करता येईल अशा जागा, कॉलेजांतले अभ्यासक्रम, आणि नवव्या पानावर अर्धा परिच्छेद नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडबद्दल. इथली दुसरी नोकरी लागते, पण आधीची कंपनी तीन महिने सोडत नाही, आणि तोवर नवा माणूस थांबत नाही. माझ्या माहितीतल्या तीन मुलींच्या गोव्यातल्या नोकऱ्या अशाच गेल्या.

बैठकीत बाकी सगळं मंजूर झालं. तो अर्धा परिच्छेद गाळला. अध्यक्ष हसून म्हणाले, "हा आपला विषय नव्हे." आणि मला तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं, की त्या टेबलाभोवती नऊ जण होते, त्यांतले आठ नोटीस घेणारे होते आणि देणारी मी एकटी.

सासरे निवृत्त शिक्षक. त्यांचं म्हणणं, "सात माणसं जमव आणि स्वतःची संस्था काढ, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली सातच लागतात." नवरा म्हणतो, आहे तिथे राहा, निदान तुझी दहा पानं तरी पुढे जातील. अकरा पानी निवेदन देऊन आता पाच महिने झाले. फोटो पेपरात आला होता. मी त्यात डावीकडून तिसरी, अर्धी कापलेली.

राहू, सोडू, की आपलं वेगळं काढू? ज्यांनी असल्या संघटनांत प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा. 'राजकारणात पडू नका' छाप सल्ले नकोत, ते घरी मिळतात.

---

मडगावचा_रात्रपाळी

धागा आवडला. स्टुलाचा प्रसंग तर फारच.

मी बीपीओत आहे, त्यामुळे माझं मत थोडं कडू आहे. ताई, या राज्यात सरकार कोणाचं ऐकतं ते बघा. २०१८ मध्ये ॲपवर टॅक्सी आली तेव्हापासून टॅक्सीवाल्यांनी काय काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बरोबर की चूक तो वेगळा विषय, पण ते एका हाकेसरशी रस्त्यावर येतात आणि विमानतळावर उतरलेल्या माणसाला ते लगेच कळतं. आपण संप केला तर कोणाला कळणार? ओहायोतल्या एका बाईचं विम्याचं काम एक दिवस उशिरा होईल. आपल्या आमदाराला ती मत देत नाही.

दुसरं, आपण मोजलेच जात नाही. तुमची कंपनी पुण्याची, पगार पुण्यातून, कर तिकडे कापला जातो. गोव्याच्या कागदावर तुम्ही कोण? सावईवेऱ्यातली एक गृहिणी, जिच्या घरी विजेचं बिल जरा जास्त येतं.

तेव्हा माझ्या मते संघटना वगैरे सोडा आणि इन्व्हर्टर मोठा घ्या. दोन कंपन्यांची कनेक्शनं घ्या. मी तेच केलंय.

---

पोफळीखाली

दोन कनेक्शनं घेतली आहेत, दादा. दोन्ही वायरी त्याच खांबांवरून येतात. पोफळ पक्षपात करत नाही.

---

जुनी_फाईल

'गृहिणी, जिच्या घरी बिल जास्त येतं' हे वाक्य मी चोरणार आहे. पण रात्रपाळीबाब, इन्व्हर्टरच्या सल्ल्याशी असहमत. तुम्ही बीपीओतले म्हणून तुमचंच उदाहरण देतो. दूरसंचार खात्याचे ओएसपी नियम, म्हणजे कॉल सेंटर-बीपीओंसाठीचे, आठवतात? कॉल सेंटरच्या माणसाला घरून काम करू द्यायचं तर कंपनीने एक कोटीची हमी ठेवायची, व्हीपीएन (सुरक्षित जोडणी) ठरावीक, घराचा पत्ता आधी कळवलेला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या तोंडावर त्यातून तात्पुरती सूट मिळाली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नोंदणीची आणि हमीची अटच गेली. जून २०२१ मध्ये आणखी ढिलं केलं. हे रस्त्यावर येऊन झालेलं नाही. नॅसकॉमवाले, म्हणजे देशातल्या आयटी कंपन्यांची संघटना, त्या नियमांमागे वर्षानुवर्षं लागले होते, कलम नि कलम तोंडपाठ असलेली माणसं घेऊन. टाळेबंदी आली तेव्हा सरकारला नेमकं काय बदलायचं ते शोधावं लागलं नाही, ते लिहून तयार होतं. म्हणून तुम्ही आज मडगावात घरी बसून रात्रपाळी करता.

आता बाय, तुझ्याकडे वळतो. (वयाने मोठा आहे, एकेरी चालवून घे.) मी वेर्ण्याला एकवीस वर्षं छोटी कंपनी चालवली, आता मुलगी बघते. त्यातली चौदा वर्षं अशाच एका समितीवर होतो. म्हणजे तुझ्या त्या आठांतला एक म्हण. तुझा अर्धा परिच्छेद मीही गाळला असता, हे आधी कबूल करतो.

पहिलं, निवेदनाबद्दल. आमचं पहिलं निवेदन चौदा पानांचं होतं, रंगीत आलेखांसकट, स्पायरल बाइंडिंग केलेलं. मंत्र्यांनी ते हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाले, "अभ्यास केलाय हां तुम्ही." फोटो झाला. संपलं. वर्षभराने एका दुसऱ्या कामासाठी त्याच खात्यात गेलो, तर आमचं स्पायरल एका कपाटाचा पाय समपातळीत आणायला वापरलेलं. मी रागावलो नाही. खरंच सांगतो, तिथे त्याचा उपयोग होत होता.

दुसरं निवेदन एक पानाचं. एका योजनेत भाड्याच्या जागेवर अनुदान होतं, अट अशी: नोंदणीकृत भाडेकरार आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत वापरायला योग्य असल्याचा दाखला). आमची निम्मी पोरं पोर्तुगीजकालीन घरांच्या माळ्यावर बसून काम करणारी. दीडशे वर्षांच्या घराचं ऑक्युपन्सी कुठून आणणार? आम्ही लिहिलं की परिच्छेद ४ (ब) मध्ये ऑक्युपन्सी सर्टिफिकेटच्या पुढे 'किंवा पंचायत/पालिकेची घरपट्टीची पावती' एवढे शब्द घालावेत. खाली दोन ओळींत कारण आणि सोबत सहा युनिटांची यादी, जी या एका अटीमुळे अडली होती. आकडे नाहीत, आलेख नाहीत. कारकुनाने वाचलं, म्हणाला, "हे होईल. साहेबांना यात काही ठरवायचं नाहीये, नुसती सही करायचीय." सात आठवड्यांत शुद्धिपत्रक निघालं.

त्या कारकुनाचं वाक्य मी नंतर समितीवर आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं. तू बग रिपोर्ट लिहितेस ना? मग तू अकरा पानं का लिहिलीस? 'तुमचं सॉफ्टवेअर एकंदरीत चांगलं व्हावं' असा बग तू कधी नोंदवला आहेस का? काय व्हायला हवं, काय होतंय, कुठल्या पायरीवर अडतं, कोणी दुरुस्त करायचं. एवढंच लिही. बाकीचं कपाटाखाली जाणार.

आता 'हा आपला विषय नव्हे'. अध्यक्ष खोटं बोलले नाहीत, पण पूर्ण खरंही बोलले नाहीत. उद्योगांची संघटना ही कंपन्यांची असते. १९८८ ला नॅसकॉम झालं तेव्हापासून सभासद कंपन्याच. आणि कंपन्या-कंपन्यांतही जमत नाही गं. सेवा देणाऱ्या मोठ्या कंपन्यांचा आवाज मोठा, आपलं म्हणणं कोणी मांडत नाही, असं वाटून स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्यांनी २०१३ मध्ये आयस्पिर्ट वेगळं काढलं. मालक मालकाच्या बाजूने बोलेना, म्हणून चूल वेगळी झाली. मग नोकरदाराने त्याच चुलीवर आपली भाकरी भाजली जाईल अशी आशा का धरावी?

जुलै २०२४ चं कर्नाटक बघ. एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एक, खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना राखीव जागांचं विधेयक, व्यवस्थापनात ५० टक्के, बाकी पदांत ७०. मंत्रिमंडळाने मंजूर केलं, नॅसकॉमने आणि कंपन्यांनी जोरदार हरकत घेतली, आणि १७ जुलैला ते बाजूला ठेवलं गेलं. दोन, आयटीत दिवसाला चौदा तासांपर्यंत काम घेता येईल असा कायदादुरुस्तीचा प्रस्ताव. त्यावर नॅसकॉमने रान उठवलं का? छे. ते उठवलं केआयटीयूने, म्हणजे तिथल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या युनियनने. एकच राज्य, तेच इंजिनिअर, पण कोणत्या विषयावर कोण बोलणार हे आधीच ठरलेलं. तुझं नव्वद दिवसांचं दुखणं हे दुसऱ्या खात्यातलं आहे. पुण्यातही नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना असल्या तक्रारी कामगार खात्याकडे नेते.

सासऱ्यांचं सात माणसांचं गणित बरोबर आहे, पण ते सोसायटीचं. सोसायटी निवेदन देईल, शिबिर घेईल, फार तर पत्रक काढेल. मालकासमोर बसून वाटाघाट करायची तर युनियन लागते, आणि तिथे अर्जावर सात सह्या पुरत असल्या तरी ट्रेड युनियन कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीपासून त्या उद्योगातले किंवा आस्थापनातले १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच ठेवलंय. सावईवेऱ्यात बसून शंभर माणसं जमव असं मी म्हणणार नाही. पण सातांवर सुटलीस असंही समजू नकोस.

तेव्हा माझं उत्तर असं. राहा. वायरीसाठी राहा, कारण वायर आठांचीही तुटते. नोटीस पिरियडसाठी तिथे भांडत बसू नको, त्याला दुसरं दार आहे. आणि मत नसलेली सभासद म्हणून कमी लेखू नको स्वतःला. मसुदा ज्याच्या हातात त्याला मत लागत नाही, हे मी चौदा वर्षं बघितलं. बैठकीला सगळे येतात, पण रविवारी बसून लिहायला कोणी येत नाही.

एक सावधगिरी. तुझ्या निवेदनात 'गावागावांत जागा' असं काही आहे, ते पहिल्या पानावर ठेवलं असशील तर काढ. आपल्याकडे आयटी आणि जागा हे दोन शब्द एका वाक्यात आले की गावाला आधी डोंगर आठवतो. २००७ मध्ये सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्रांविरुद्ध) लोक उठले आणि वर्षाच्या शेवटी सरकारला सेझ गुंडाळावे लागले, त्यांत आयटीच्या नावाचेही होते. लोक चुकीचे नव्हते. वायरीला जमीन लागत नाही, वायरीबद्दलच बोल.

---

पेडण्याचा_एकटा

जुनी_फाईल यांच्या प्रतिसादाला +१, पण आमचं काय? मी ना कंपनी, ना कर्मचारी. हरमलच्या बाजूला खोली घेऊन जर्मनीतल्या दोन ग्राहकांसाठी मोबाइल ॲप करतो. निर्यात म्हणून जीएसटी शून्य, पण त्यासाठी दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरायचं. आयकराला व्यावसायिकांसाठीची अंदाजे उत्पन्न धरायची तरतूद. बँकेत पैसे आले की कुठला परपज कोड (पैसे कशाबद्दलचे) ते समजावून सांगायचं, दर वेळी नव्या माणसाला. मागच्या खेपेला त्याने विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की विकता काय?" मी म्हटलं, बटणं. एका अर्थी खरंच आहे.

संघटनेकडे गेलो होतो. फॉर्मवर 'कंपनीचे नाव' आणि 'कर्मचारी संख्या'. मी १ लिहिलं. फोन आलाच नाही.

एकट्यानेही करून पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, सरकारच्या मायगव्ह साइटवर नियमवार सूचना मागवल्या होत्या. मुदत १८ फेब्रुवारी होती, ती ५ मार्चपर्यंत वाढवली. मी लहान मुलांच्या खात्यांसाठी पालकांची संमती घेण्याच्या नियमावर दीड पान लिहिलं, कारण माझं एक ॲप शाळांसाठी आहे. आलेल्या सूचना उघड करणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलेलं, त्यामुळे माझ्यासारखं आणखी कोणी लिहिलं का, हे कळायची सोय नाही. अंधाऱ्या विहिरीत दगड टाकल्यासारखं. मोठ्या संघटना आपापली टिपणं नंतर स्वतःच प्रसिद्ध करतात, मी कुठे करणार? बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान आहे, भात लावायला कधी जायचं.

उलट २०१५ आठवा. नेट न्यूट्रॅलिटीच्या (सगळ्या साइटना इंटरनेटवर सारखीच वागणूक) वेळी दूरसंचार नियामक ट्रायला दहा लाखांवर ईमेल गेल्या, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या दरांवर बंदी घालणारा नियम आला. तिथे संघटना नव्हती, थोडे स्वयंसेवक होते आणि तयार मजकूर होता. पण असा विषय दहा वर्षांत एकदा येतो. सावईवेऱ्याच्या खांबांसाठी दहा लाख ईमेल कोण पाठवणार?

ताई, वेगळं काढलंत तर फॉर्मवर 'कर्मचारी संख्या' हा रकाना ठेवू नका. एवढीच विनंती.

---

मडगावचा_रात्रपाळी

जुनी_फाईल, ओएसपीबद्दल मान्य. हमीची भानगड माहीत होती, पण ती कोणी सोडवली हे कधी विचारलं नव्हतं. मला वाटलं करोनाने सोडवली.

कपाटाखालच्या स्पायरलचा फोटो असेल तर टाका.

---

पोफळीखाली

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मधल्या काळात थोडं काम केलं. तेच सांगते.

काका, तुमचा बग रिपोर्टचा टोमणा जिव्हारी लागला. दुसऱ्या दिवशी अकरा पानं उघडून वाचली. त्यात 'सक्षम', 'सर्वसमावेशक' आणि 'परिसंस्था' हे शब्द मिळून एकतीस वेळा आलेत. मी मोजले, सवय आहे. 'खांब' हा शब्द एकदाही नाही.

म्हणून रविवारी सकाळी खांब मोजायला निघाले. सासरे छत्री आणि वही घेऊन बरोबर आले. तिठ्यापासून आमच्या घरापर्यंत तेवीस खांब आहेत. प्रत्येकावर रंगाने नंबर घातलेला असतो हे मला या घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं. सासऱ्यांना होतं, त्यांनी चार नंबर न बघता सांगितले. तेवीसपैकी सहा खांबांवर वायरी माणसाच्या डोक्याला लागतील इतक्या खाली. एका खांबावर मी अकरा वायरी मोजल्या, त्यांतल्या पाच कुठेच जात नाहीत, नुसत्याच वेटोळं करून टांगलेल्या. जुन्या कनेक्शनांच्या असणार, कोणी काढल्याच नाहीत. आणि जिथे चारही वेळा तुटलं ती जागा दोनच खांबांच्या मधली. चारही वेळा! मी राज्याच्या धोरणावर अकरा पानं लिहिली आणि बग दोन खांबांच्या मध्ये होता.

दूरसंचार मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, ते वाचले. वायर टाकायला परवानगी कोणाकडे मागायची, किती दिवसांत उत्तर द्यायचं, सगळं त्यात आहे. त्यावर एक पान लिहिलं. हव्यात दोन गोष्टी: त्या दोन खांबांमधली साठ पावलं वायर जमिनीखालून न्यायला परवानगी, आणि मेलेल्या वायरी काढायला एक तारीख. सोबत खांबांची यादी, नंबरासकट, आणि वायर तुटल्याच्या चार तारखा.

सासऱ्यांनी ते मराठीत केलं. मी म्हटलं इंग्रजीच देऊ. ते म्हणाले, "१९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीलाही जागा आहे, ती वापरली नाही तर मोडकळीला येते." मग 'सेवा खंडित होणे' की 'नेट जाणे' यावर आमचं पाऊण तास वाजलं. शेवटी 'इंटरनेट बंद पडणे'. दोघंही नाराज, म्हणजे बरोबर असणार.

संघटनेच्या अध्यक्षांना पाठवलं. त्यांचा अर्ध्या तासात फोन. त्यांच्या स्वतःच्या घरी, बांदोड्याला, हाच प्रकार आहे म्हणे. त्यांनी संघटनेचं पत्र जोडलं, शिवाय तीन कंपन्यांना आपापल्या गावचे खांब मोजायला लावलं. एका मोठ्या कंपनीच्या मॅनेजरने खांबाजवळ उभं राहून सेल्फी काढून पाठवला, नंबर काही लिहिला नाही. असो.

ग्रामसभेतही मांडलं. मी बोलायला उभी राहिले तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, "टॉवर येणार काय?" नाही म्हटल्यावर निम्मे लोक चहाला गेले. उरलेल्यांतल्या दोघांच्या वायरी त्याच खांबांवर होत्या, ते सही करून गेले. तिसऱ्या एकाचा मुलगा ऑनलाइन शिकवणी घेतो. म्हणजे या वाड्यावर मी धरून अशी चार घरं आहेत आणि आम्ही एकमेकांना कधी विचारलं नव्हतं.

नोटीस पिरियडचा अर्धा परिच्छेद वेगळा काढून ठेवलाय. त्या तीन मुलींना फोन केले, त्यांनी आणखी एकीचं नाव दिलं. सध्या आमचा पाच जणींचा ग्रुप आहे, नाव 'नव्वद'. त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही. पुण्याच्या त्या संघटनेला एकदा फोन करून बघू म्हणतोय. फोन कोणी करायचा यावर अडलंय, कारण पाचहीजणी नोकरीत आहेत आणि एकीची नोटीस चालू आहे. पेडण्याचे दादा, आमच्याकडे फॉर्म नाही, त्यामुळे रकानाही नाही. तुम्हाला नोटीस द्यायला कोणी नाही, तरी वायरीच्या यादीत नाव घालायचं तर तुमच्या खोलीजवळच्या खांबांचे नंबर पाठवा.

आणि हो, काका, ते एक पान कार्यालयात देऊन शिक्क्याची पोच घेतली. पाऊस होता, शिक्क्याची शाई पसरली. आवक क्रमांकाचा शेवटचा आकडा १ आहे की ७, यावर घरात दोन गट पडलेत.

---

जुनी_फाईल

उद्याच परत जा आणि आवक रजिस्टरमध्ये बघून ये. १ आणि ७ मध्ये माझी एक फाईल आठ महिने फिरत होती. आणि पोचेचा फोटो आजच काढून ठेव, ती जांभळी शाई दिवाळीपर्यंत टिकत नाही.

---

पेडण्याचा_एकटा

माझ्या गल्लीत नऊ खांब. दोनांवर नंबर नाही, एकावर निवडणुकीचं पोस्टर चिकटवलंय, खालचा नंबर वाचता येत नाही. पोस्टर फाडलं तर चालेल का, की त्यालाही परवानगी लागते?

---

पोफळीखाली

काका, ७ होता. सासरे जिंकले.

पेडण्याचे दादा, पाण्याने भिजवा, आपोआप निघेल. जुलै आहे.